सव्वीस दात्यांची चेनरिंग आणि कोंब लाव्हालचा कडा

एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे सात महिने, साधारण २,९०० किलोमीटर. नोकरीमुळे फ्रान्समध्ये ग्रनोब्लला राहतो, त्यामुळे शनिवार-रविवार आणि ऑगस्टमधली दोन आठवड्यांची सुट्टी एवढंच हातात होतं. सायकल स्टील फ्रेमची टूरिंग, मागे चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर म्हणजे लटकत्या पिशव्या, पुढे हँडलबार बॅग, तंबू धरून सामान सोळा किलो. लिहायला बसलो होतो सायकलबद्दल, पण रस्त्यांना बाजूला ठेवून तिच्याविषयी काही सांगताच येईना.

ग्रनोब्ल स्वतः जेमतेम २१० मीटर उंचीवर, परातीसारखं सपाट. पण तिन्ही बाजूंना डोंगर: उत्तरेला शार्त्रूझ, पूर्वेला बेलदॉन, पश्चिमेला व्हेरकोर. घरातून निघून पंधरा मिनिटं पायडल मारले की कुठला ना कुठला चढ समोर उभाच.

आधी गिअरचं सांगतो, कारण पहिले दोन महिने त्यातच वाया गेले. सायकल आली तेव्हा पुढची सर्वांत लहान चेनरिंग, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, ३४ दात्यांची होती आणि मागच्या कॅसेटमधलं, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांच्या गठ्ठ्यातलं, सर्वांत मोठं चक्र ३२ दात्यांचं. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल सव्वादोन मीटरच्या वरच जाणार. रिकाम्या सायकलीला ठीक आहे. सोळा किलो लादून आठ टक्क्यांच्या चढावर मात्र मिनिटाला साठ फेरे राखायचे तर ताशी आठ किलोमीटरच्या वर राहावं लागतं, आणि तेवढा दम माझ्यात नाही. मग फेरे चाळिसावर येतात, गुडघे बोलायला लागतात. जूनमध्ये पुढे २६ आणि मागे ३६ दाते बसवून घेतले. आता एका फेऱ्याला दीड मीटरच्या आसपास, ताशी साडेपाच किलोमीटर. एक आजोबा काठी टेकत माझ्याबरोबरीने चालत होते, हे खरं. पण दिवसभर चालवता येतं, दुसऱ्या दिवशीही.

नावाजलेले घाट आधी उरकून घेतले. गालिबिए घाट केला तो जुने गिअर असतानाच, जूनच्या मध्याला. त्याआधी वर बर्फ असतो, रस्ता साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतो. बूर द्वाझाँ गावाहून लोतारे खिंडीमार्गे गेलं की उंची ७२० मीटरवरून २,६४२ वर जाते. आपल्या कळसूबाईच्या शिखरावर उभं राहून अजून एक किलोमीटर वर बघा, तिथे हा डांबरी रस्ता आहे. ला ग्राव्ह गावातून ला मेज शिखराची हिमनदी समोर दिसते, ते दृश्य कुणाला नाकारता येणार नाही. शेवटच्या टप्प्यात बोगद्याच्या अलीकडे टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आँरी देग्रांजचं स्मारक आहे, कारण १९११ साली त्याची शर्यत पहिल्यांदा इथून गेली. पण लोतारेपर्यंतचा रस्ता हा मुख्य हमरस्ता. ट्रक, कॅम्परव्हॅन, मोटारसायकलींचे ताफे आणि मध्ये अंधारे बोगदे. शांबोंच्या धरणाजवळचा मोठा बोगदा २०१५ मध्ये डोंगर सरकल्यामुळे दोनेक वर्षं बंद होता, तेव्हा खोऱ्यातल्या गावांची काय दशा झाली असेल ते आत शिरल्यावर कळतं. मागचा लाल दिवा दिवसाढवळ्याही लावून ठेवा.

आल्प द्वेज घाटाची एकवीस वळणं सामान कॅम्पिंगमध्ये ठेवून केली. वळणांवर पाट्या आहेत, त्यावर टूरमध्ये इथे जिंकलेल्यांची नावं आणि उलटा क्रमांक, एकविसापासून एकापर्यंत. वर पोचलं की स्की-रिसॉर्टच्या इमारती. एकदा केलं, झालं.

या भागात चढावर किलोमीटरमागे सायकलवाल्यांसाठी पाटी असते: माथा किती लांब, आत्ताची उंची, पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ. पुढच्या किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवा, अख्ख्या घाटाच्या सरासरीवर नको. क्रुआ द फेर घाटाची आलमों गावाच्या बाजूने सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास दिसते, ती मध्ये उतार असल्यामुळे. प्रत्यक्षात कमावलेली उंची घालवून पुन्हा नऊ-दहा टक्क्यांनी ती वसूल करावी लागते. तिथे मी उतरून ढकलली, लपवत नाही.

मन बसलं ते व्हेरकोरच्या पठारावर. तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा थोड्याफार फरकाने तोच मार्ग घेतला. पहिला दिवस इझेर नदीकाठाने, अक्रोडाच्या बागांमधून, जवळपास सपाट. मुक्काम रुआयाँ भागात. पोंत-आँ-रुआयाँ गावात बूर्न नदीवर लटकलेली रंगीत घरं आहेत, आणि इथल्या सगळ्या खाणावळींत राव्हिओल मिळतात: पास्त्याचे नखाएवढे चौकोन, आत चीज आणि पार्सली. मांस न खाणाऱ्याला या डोंगरात पोटभर मिळणारं एवढंच, तेव्हा दोन प्लेट सांगा.

दुसऱ्या दिवशी सँ-झाँ गावातून कोंब लाव्हालचा कड्यातला रस्ता. बारा-एक किलोमीटरचा चढ, पाच-सहा टक्के, सव्वीस दात्यांवर गप्पा मारत जाण्यासारखा. कारण हा रस्ता मुळात गाड्या-घोड्यांसाठी आहे. वरचं पठार सगळ्या बाजूंनी कड्यांनी तोडलेलं, जंगलातलं लाकूड खाली आणायला वाट नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकात चुनखडीच्या कड्यातच खाच कोरत नेली, काम १८९८ मध्ये पुरं झालं. ओझं ओढणाऱ्या घोड्याला जो चढ झेपतो तोच ओझ्याच्या सायकललाही झेपतो, हे मला तिथे उमगलं. स्कीसाठी बांधलेल्या रस्त्यांना घोड्याची फिकीर नव्हती.

वरच्या टप्प्यात रस्ता शब्दशः कड्याला चिकटतो. डोक्यावर खडक पुढे आलेला, छोटे ओबडधोबड बोगदे, एका बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा आणि पलीकडे शेकडो मीटर हवा. ताम्हिणी-वरंधा केलेला माणूस मी, तरी पहिल्या वेळी खडकाच्या बाजूने इतका चिकटून गेलो की पॅनिअरचं कापड घासून निघालं. ठिगळ अजून आहे.

पठारावर मात्र वेगळीच अडचण: पाणी. चुनखडी सगळं पाणी पिऊन टाकते, ओढे जमिनीखालून वाहतात, हिरवंगार जंगल आणि बाटली कोरडी. गावातल्या कारंज्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर फ्रेंच सायकलवाले सरळ कब्रस्तानात जातात. फुलांसाठी तिथे नळ असतो. पाटी तिथेही वाचायचीच. आईला फोनवर हे काही सांगितलेलं नाही. आणि रविवारी बारा-साडेबारानंतर गावातली बेकरी बंद म्हणजे बंद. एका रविवारी चिक्कीच्या चार तुकड्यांवर चाळीस किलोमीटर काढलेत.

व्हास्यू गावात थांबा. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्य इथे ग्लायडरने उतरलं, गाव जाळलं, माणसं मारली. कड्यांमुळे पठार सुरक्षित आहे अशा भरवशावर जर्मनांचा प्रतिकार करणारे फ्रेंच इथे जमले होते. गावाबाहेरच्या स्मशानभूमीत सारख्या पांढऱ्या खुणांच्या रांगा आहेत. तिथून पुढचे दोन-तीन किलोमीटर मी गिअर न बदलताच चालवले.

मग रुसे खिंडीचा बोगदा. उत्तरेच्या तोंडाला फर वृक्ष, गारवा, जाकीट. दक्षिणेच्या तोंडातून बाहेर पडलं की कोरडी गरम हवा, रखरखीत उतार, खाली दी गावापर्यंत वळणावर वळण. तिन्ही वेळा मी बाहेर आल्यावर मिनिटभर उभा राहिलो. दीहून रेल्वेने व्हालाँसमार्गे परत. प्रादेशिक गाडीत सायकल टांगायला हुक असतात, पॅनिअर आधी काढून ठेवा.

याच उतारावर दुसऱ्या खेपेला मागच्या चाकाचा स्पोक तुटला, चेनच्या बाजूचा. महिन्यापूर्वीच एका दुकानात चाक ताणून घेतलं होतं, पैसेही चांगले मोजले होते. कॅसेट काढायचं हत्यार जवळ नव्हतं. केव्हलारच्या दोरीचा तात्पुरता स्पोक मात्र होता, तो कॅसेट न काढता ओवता येतो. अर्धा तास, काळे हात, आणि दीपर्यंत हळू. तेव्हापासून चाक स्वतःच ताणतो.

बाकी हिशेब: चेन एक बदलली, मागचे ब्रेक पॅड दोनदा. केबलचे डिस्क ब्रेक पुरतात, फक्त सतत दाबून ठेवायचे नाहीत. वळणाआधी जोरात, मग सोडून द्यायचे. टायर ३८ मिलिमीटरचे, पंक्चर फक्त एक, तेही शहरात, ऑफिससमोर. डाव्या पॅनिअरचा खालचा हूक खडबडीत रस्त्यावर अजून खडखडतो. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाहिला, चार दिवस शांत होतो.