पोस्टग्रेसवर हप्त्यांच्या आणि वाढदिवसांच्या तारखा: काही महिन्यांच्या वापरानंतर

३१ जानेवारी २०२३ पासून दरमहाचे हप्ते काढायला पोस्टग्रेस डेटाबेसच्या 'जनरेट_सिरीज'ला (ठरावीक अंतराने मालिका तयार करणारं फंक्शन) एक महिन्याचं अंतर देऊन बघा. दुसरी तारीख २८ फेब्रुवारी, तिसरी २८ मार्च आणि पुढे सगळीकडे २८च. एरवी इतक्या काटेकोर डेटाबेसात हे मला अजूनही खटकतं. पुढची तारीख मूळ तारखेवरून निघत नाही, आधीच्या उत्तरात महिना मिळवून निघते. एरर येत नाही, त्यामुळे ३१ तारखेचे खातेदार तीन दिवस आधीच थकबाकीत दिसू लागतात. सिरीज पूर्णांकांची चालवा, ० ते ११, आणि प्रत्येक हप्ता मूळ तारखेत तितके महिने मिळवून काढा. मग फेब्रुवारीत २८, मार्चमध्ये ३१, एप्रिलमध्ये ३० बरोबर येतात. हे एक सोडलं तर तक्रार नाही.

'आजचे वाढदिवस' बरेच जण तारखेचा मजकूर करणाऱ्या 'टू_चार'ने काढतात. ते फंक्शन इम्युटेबल नाही (उत्तर सेटिंगप्रमाणे बदलू शकतं), त्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, बनत नाही, म्हणून दर वेळी अख्खं टेबल वाचलं जातं. त्याऐवजी डेट कॉलमवर तारखेतला महिना किंवा दिवस काढून देणारं 'एक्स्ट्रॅक्ट' वापरा: महिना गुणिले १०० अधिक दिवस. १५ ऑगस्ट म्हणजे ८१५. आवृत्ती १२ पासून हा आकडा जनरेटेड कॉलम, म्हणजे डेटाबेस स्वतः मोजून भरतो असा कॉलम, म्हणून साठवता येतो. प्रकार स्मॉलइंट (छोटा पूर्णांक), वर साधा बी-ट्री (नेहमीचा) इंडेक्स. वर्ष ओलांडणारा आठवडा दोन तुकड्यांत मागा, १२२८ ते १२३१ किंवा १०१ ते १०३. एकाच 'बिट्वीन'मध्ये १२२८ ते १०३ लिहिलं तर शून्य ओळी येतात. लीप नसलेल्या वर्षी २२९ वाल्यांना २२८ च्या यादीत घ्या.

या यादीसाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर, वापरण्याबद्दलचं मत मात्र बदललं. आधी तो पुरेसा वाटायचा. पण तो आपोआप ताजा होत नाही, साधा रिफ्रेश चालू असताना वाचणारेही ताटकळतात, आणि वाचणाऱ्यांना न अडवणारा 'कॉन्करंटली' रिफ्रेश हवा तर युनिक इंडेक्स लागतो. दिवसातून एकदा बदलणाऱ्या यादीसाठी एवढा खटाटोप कशाला? रेडिस या मेमरीतल्या वेगवान साठ्यात ठेवा आणि कीमध्येच (नोंदीच्या नावातच) तारीख घाला, 'वाढदिवस:२०२५-०३-०१' अशी. नोंद आपोआप पुसली जाण्याची मुदत दोन दिवस दिली तरी कालची यादी आज दिसणार नाही. ती तारीख भारतीय वेळेनेच काढा. डेटाबेसचं सेशन यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत आजची तारीख देणारं 'करंट_डेट' कालचाच दिवस देतं. जन्मतारीख दुरुस्त झाली की जुन्या आणि नव्या, दोन्ही दिवसांच्या की पुसा.

तिथीने येणारे दिवस क्वेरीत मोजू नका. क्षय आणि वृद्धी तिथी सूत्रात बसत नाहीत. पंचांगावरून वर्षाचं टेबल एकदाच भरा आणि तारखेवर जॉइन करा (तारीख जुळवून दोन टेबलं जोडा).