रात्रीच्या पाण्याला कुठली बॅटरी: ॲसिडची की लिथियमची?

दसरा झाला की भावकीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, नवी बॅटरी (टॉर्च) घ्यायची आहे, ॲसिडची घेऊ का लिथियमची? मी शिराळा तालुक्यात वारणेकाठी ऊस करतो. सौर कृषी वाहिनी योजनेमुळं काही गावांना दिवसा लाईट मिळायला लागली, पण आमच्या फिडरला अजून रात्रपाळी आहे. रात्री दारं धरायची, सरी-सरीत पाणी सोडायचं, म्हणजे घोणस-मण्यारीच्या रानात अनवाणी शिरायचं, आणि चांदोलीचं रान जवळ असल्यानं उसात बिबट्याही असतो. त्यामुळं हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. ॲसिडची बॅटरी मी सात-आठ वर्षं वापरली, लिथियमची चार वर्षं वापरतो आहे. आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो, म्हणून खाली आतल्या वस्तूला ॲसिडवालीत ठोकळा आणि लिथियमवालीत सेल म्हणतो.

उजेडात डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. ॲसिडवाली स्वस्त पडते, काच मोठी असल्यानं फोकस लांब जातो, बांधावर आपटली तरी चालते. ठोकळा तालुक्याला कुठंही मिळतो आणि गेलेला ठोकळा भंगारवाला वजनावर घेतो. पण ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरचा ठोकळा एकटाच पाऊण किलोच्या आसपास भरतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा तो १८६५० नंबरचा लिथियम सेल पन्नास ग्रॅमच्या आत असतो. ठोकळ्यात २७ वॉट-अवर मावतात, एका चांगल्या सेलमध्ये अकरा-बारा. म्हणजे तीन सेलांत ठोकळ्यापेक्षा जास्त वीज, आणि वजन दीडशे ग्रॅम. शिवाय लिथियमची डोक्याला बांधता येते आणि खोरं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात.

वजन मी सोसलं असतं. मला वैताग आणला तो पावसाळ्यानं.

मिरगाचा पाऊस लागला की मोटार बंद आणि बॅटरी खुंटीला. उघडीप झाल्यावर पहिलं पाणी द्यायची वेळ आली की खुंटीवरून काढायची, तर नुसती मिणमिणती. रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी बटन दाबताच लख्ख पडायची, आणि रात्री दुसऱ्या सरीपर्यंत पोचेस्तोवर पिवळी व्हायची. असे सलग तीन वर्षांत तीन ठोकळे गेले. पहिल्या दोन वेळा मी माल खराब समजून दुकानदाराशी भांडलो. तिसऱ्या वर्षी गावातल्या मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मित्रानं मीटर लावून बघितलं आणि विचारलं, "टांगताना भरून टांगली होतीस का?" नव्हती. शेवटच्या रात्री वापरून उतरलेली तशीच टांगत होतो.

शिसं आणि ॲसिडच्या ठोकळ्यात वीज खर्च होताना पट्ट्यांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते निघून जातं. महिनोन् महिने तसंच राहिलं तर त्याचे टणक खडे होतात, मग कितीही चार्जिंग करा, पट्टीचा तेवढा भाग कामातून गेला. त्यात न वापरताही ठोकळा हळूहळू उतरतच असतो. आणि हे फक्त पावसाळ्यापुरतं नाही. पूर्ण भरायला त्याला दहा-बारा तास लागतात. रात्री पाणी पाजून सकाळी लावावी, तर मधेच घरची लाईट जाते, आणि संध्याकाळी अर्धवट भरलेलीच उचलून न्यावी लागते. अर्धवट राहणं हाच त्याचा आजार. उलट दोन दिवस लावून विसरलं, तर स्वस्त बॅटरीत चार्जिंग आपोआप तुटत नाही आणि आतलं पाणी आटतं. बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मरही नसतो, घरची लाईट थेट आत येते, तेव्हा चार्जिंगला असताना ओल्या हातानं हात लावू नका.

लिथियमला अर्धवट भरल्याचं काही वाटत नाही. साठवायचा तर तो निम्मा भरलेलाच बरा, मीटरवर ३.७ ते ३.८ व्होल्ट. मी जूनमध्ये सेल काढून प्लॅस्टिकच्या डबीत घालून कपाटात ठेवतो. चार पावसाळे झाले, तेच दोन सेल चालू आहेत. एका सेलवर मध्यम उजेडात माझी रात्र दहापासून तीन-साडेतीनपर्यंत निघते. तुमच्या बॅटरीचा हिशेब वेगळा असू शकेल.

तिचीही एक खोड आहे. ॲसिडवाली पिवळी पडत सांगून विझते. लिथियमची, सेल उतरला की संरक्षणासाठी बहुधा एकदम बंद होते. पहिल्याच हंगामात उसाच्या मधोमध माझ्यावर तशी वेळ आली. मोबाईलच्या उजेडात बांध गाठला, प्रत्येक पाचटाच्या आवाजाला थांबत. तेव्हापासून दुसरा भरलेला सेल डबीसकट खिशात असतो. डबी हवीच, खिशातल्या किल्ल्यांनी सेल शॉर्ट होतो.

म्हणून लिथियमची घेणार असाल तर सेल निघणारी घ्या. आत पक्का बसवलेला सेल आणि कडेला चार्जिंगचं भोक, अशी बॅटरी चिखलात फार टिकेल असं मला वाटत नाही. चार्जर वेगळा आणि ४.२ व्होल्टला स्वतः थांबणारा हवा. सेलवर ९९०० एमएएच (किती वीज मावते त्याचं माप) लिहिलं असेल तर तो घेऊ नका. या मापाच्या चांगल्या सेलची मजल आज साडेतीन हजारांच्या आसपास जाते. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल वापरू नका, आणि एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा पत्र्याच्या खोपीत ठेवू नका. तापलेला लिथियम पेट घेऊ शकतो, ही बाजू ॲसिडला नाही.

रोज वापर असेल आणि प्लग हाताशी असेल, तर ॲसिडचीही चालून जाईल. वापरली की सकाळीच लावायची, भरली की काढायची, आणि पावसाळ्यात दर पौर्णिमेला एकदा भरायची. चार्जिंग काढून दोन-तीन तासांनी मीटरवर ६.४ व्होल्टच्या आसपास दिसलं की भरली समजा. माझा चौथा ठोकळा याच नेमावर गोठ्यात टिकून आहे, म्हशीची धार काढायला. रानात मात्र मी ती नेत नाही.