टेकडीवरून पुणे टिपायचंय? वाइड लेन्स राहू द्या, ५५-२५० एमएमची झूम घ्या

पुण्याची स्कायलाइन मुंबईसारखी समुद्राकाठी ओळीने उभी नाही. एखादी उंच इमारत सेनापती बापट रोडला, मग नुसती झाडं आणि चार मजली सोसायट्या, पुढचा टॉवर एकदम पार क्षितिजाशी. हनुमान टेकडीवरून १८ एमएमच्या वाइड लेन्सने फोटो काढून बघा. वर आकाश, खाली वाळकं गवत आणि मधे शहराची सुतळीएवढी पट्टी! म्हणून टेकडीसाठी मला कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ही लांबचं जवळ आणणारी टेलिलेन्स सगळ्यात कामाची वाटते.

वजन ३७५ ग्रॅम. फर्ग्युसन कॉलेजच्या मागून चढताना ओझं वाटत नाही. कॅननच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १.६ ने गुणलं की ती फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशोबाने ८८ ते ४०० एमएमची लेन्स होते. २०० च्या पुढे नेऊन पर्वतीवर रोखली की अलीकडच्या गच्च्या, देवळाचं शिखर आणि पलीकडचे कात्रजचे डोंगर एकमेकांना खेटून बसतात. हे कुठल्याही मोबाइलच्या झूमपेक्षा कितीतरी स्वच्छ येतं. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक) मी एफ/८ वर ठेवतो. अख्खं शहर हवं असेल तर ५५ वर कॅमेरा उभा धरायचा, दर फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा घ्यायचा आणि घरी जोडायचे.

वेळ संध्याकाळचीच. शहर टेकडीच्या पूर्वेला, त्यामुळे मावळतीचं ऊन पाठीमागून येऊन थेट खिडक्यांवर पडतं. सकाळी सूर्य समोर असतो, त्यात थंडीत खाली धुरकट थर साचलेला. टेलिलेन्स लांबच्या गोष्टींबरोबर मधली धूळही जवळ आणते, त्याला इलाज नाही. पाऊस पडून उघडीप झाली की मात्र हातातली कामं टाकून वर जावं. उन्हाळ्यात दुपारी इमारतींच्या कडा थरथरलेल्या दिसल्या तर लेन्सला बोल लावू नका, ती तापलेली हवा आहे.

हातात धरून काढताना लेन्समधला, हाताचा थरकाप सावरणारा स्टॅबिलायझर छान काम करतो. ट्रायपॉडवर तो बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. माझ्या स्वस्तातल्या ट्रायपॉडचं डोकं २५० ला हळूहळू मान टाकतं, पण तो ट्रायपॉडचा दोष. लेन्सची खरी कटकट अंधारात कळते. फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असेल तर नुसतीच फिरते, आणि लेन्सवर अंतराच्या खुणाही नाहीत. मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, एखादी लांबची दुकानाची पाटी दहापट मोठी करतो, अक्षरं सुटी दिसेपर्यंत रिंग फिरवतो आणि मग तिला हात लावत नाही.

एवढी लांब नळी बघून फिरायला आलेले काका थांबतातच. "काय, मोर दिसला का?" बिल्डिंगांचे फोटो काढतोय म्हटलं की, "त्यासाठी टेकडी कशाला चढलात?"

माउंट (कॅमेऱ्यात बसणारी मागची कडी) प्लास्टिकचा आहे, पण या वजनाला चालतो. हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं झाकण) वेगळा घ्यावा लागतो आणि तो घ्याच, सकाळी समोरच्या उन्हात लागतो. फिल्टरचा व्यास ५८ एमएम. फुल फ्रेमवाल्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये, ही क्रॉप सेन्सरसाठीच आहे. कॅननचा आर सिरीजचा मिररलेस कॅमेरा असेल तर अडॅप्टरचे पैसेही धरा. चांगल्या स्थितीतली सेकंडहँड मिळाली तर खुशाल घ्या, फक्त दुकानातच २५० ला झूम करून आत बुरशी नाही ना, ते टॉर्च मारून बघा.