१६-२५ रेलकार्ड: इंग्लंडच्या खेड्यात काम करणाऱ्या अमेरिकन तरुणासाठी घेण्यासारखं आहे का?

घ्यावंच. हे १६ ते २५ वयाच्यांसाठीचं रेल्वे सवलतीचं कार्ड. वर्षाचे ३५ पाउंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट, म्हणजे साधारण १०५ पाउंडांच्या प्रवासात पैसे वसूल. ब्रिटिश नागरिक असायची अट नाही. ऑनलाइन अर्जाला अमेरिकन पासपोर्ट चालतो.

खरी मेख सकाळच्या वेळेत आहे. सोमवार ते शुक्रवार, पहाटे साडेचार ते दहा या वेळात साध्या तिकिटाला किमान १२ पाउंड भाडं लागू होतं. म्हणजे १५ पाउंडांचं तिकीट साधारण १० ऐवजी १२ ला पडतं, आणि ९ पाउंडांच्या तिकिटावर काहीच सुटत नाही. शेतावर रोज सकाळी दोन स्टेशनं जाणाऱ्याला त्यामुळे याचा फारसा उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा नियम नसतो. सुगीच्या हंगामाला आलेल्यांची तेव्हा चांगलीच सोय होते.

डिजिटल कार्ड घेतलंत तर फोन चार्ज ठेवा. तपासणीत कार्ड दाखवता आलं नाही, तर सवलतीचं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

बसला हे कार्ड चालत नाही. आणि डेव्हनच्या टार्का लाइन या रेल्वेमार्गावरच्या काही छोट्या स्टेशनांवर ड्रायव्हरला हात दाखवल्याशिवाय गाडी थांबत नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधीच सांगून ठेवा.