काळ्या कातळासाठी इलफोर्ड एचपी५ प्लस

गेल्या दोन हिवाळ्यांत अलिबागचा कुलाबा किल्ला आणि मुरूडजवळचा पद्मदुर्ग मी केवळ इलफोर्ड एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) कृष्णधवल रोलवर टिपले. सागरी किल्ल्यांची छायाचित्रे काढणाऱ्याने हा रोल एकदा तरी वापरून पाहावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या किल्ल्यांवर खरी परीक्षा असते ती उजेडाची. भिजलेला कातळ जवळजवळ काळा, त्यावर फुटणारी लाट पांढरीशुभ्र, आणि दोन्ही एकाच चौकटीत. चौकटीत काळा दगड जास्त असला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि गरजेपेक्षा अधिक प्रकाश द्यायला लावतो. पण एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडले तरी या रोलवर फेसातला तपशील टिकतो. कुलाब्याच्या तटाचे अजस्र चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. माझ्या निगेटिव्हांत त्यांच्यामधल्या फटी नुसत्या काळ्या रेघा होऊन राहिल्या नाहीत, त्यांची खोलीही उतरली. पद्मदुर्गावर तर उलटाच प्रकार आहे: खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले, सांध्यांतला चुना मात्र जागच्या जागी उभा राहिला, त्यामुळे तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या प्रत्येक खळग्याच्या कडेवर पडलेली सावली मला जशी दिसली तशीच प्रिंटवर मिळाली. रंगीत छायाचित्रात नजर आधी पाण्याच्या निळाईकडे धावते आणि हा चुना दुर्लक्षित राहतो.

उणिवाही आहेत. भर दुपारच्या उन्हात लेन्सच्या एफ१६ या बारीक छिद्राला १/५०० सेकंद हे माप ठरलेलेच, त्यामुळे पार्श्वभूमी धूसर करायची सोय उरत नाही. मळभ असले की चित्र सपाट, करडे येते. आकाशाला गडदपणा हवा असेल तर पिवळे किंवा नारिंगी फिल्टर लावावेच लागते; पिवळ्याला साधारण एक स्टॉप खर्च होतो.

रोल धुण्याचे काम शक्यतो घरीच करावे. माझा पहिला रोल बाहेरून धुऊन आला तो ओरखड्यांसकट, आणि ओहोटी गाठून काढलेली ती छायाचित्रे गेली ती गेलीच. आयडी-११ हे रसायन समभाग पाण्यात मिसळून २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे, हे प्रमाण मला मानवले. आपल्याकडे नळाचे पाणी इतके थंड क्वचितच मिळते, म्हणून बर्फ घातलेल्या घमेल्यात बाटल्या ठेवून तापमान उतरवावे लागते.

तिपाई नेणाऱ्यांना याच कंपनीचा १२५ आयएसओचा एफपी४ प्लस अधिक बारीक दाणा (चित्रात दिसणारे फिल्मचे कण) देईल. परंतु पद्मदुर्गाला होडीनेच जावे लागते, आणि डोलणाऱ्या होडीतून फिल्टर लावूनही १/२५० किंवा १/५०० सेकंद मिळवायचे तर ४०० चाच रोल हवा. येत्या हिवाळ्यासाठी मी पाच मागवले आहेत.