डोमेन पार्किंग: चौदा महिने वापरून झाल्यावर

ऑगस्ट 2024 मध्ये माझी 41 डोमेनं, म्हणजे साइट न करता घेऊन ठेवलेले वेबसाइटचे पत्ते, एका पार्किंग कंपनीकडे लावली. अशा रिकाम्या पत्त्यावर ती जाहिरातींचं पान दाखवते आणि क्लिकचे पैसे देते. मी सांगलीत विश्रामबागला वेबसाइटची कामं करतो. हळद, बेदाणा, कर्ज, विमा अशी नावं घेऊन ठेवायची खोड जुनी. हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवायचे तशी ती पडून होती. पेवातली हळद निदान विकली तरी जायची.

सेटअपला पैकीच्या पैकी. नेमसर्व्हर (पत्ता कुठं न्यायचा हे ठरवणारी नोंद) बदलले, दुसऱ्या दिवशी पानं चालू. जुन्या लिंकवरून किंवा पत्ता चुकून कोणी आलं की चार-पाच शब्दांच्या लिंका दिसायच्या. त्यातली एक दाबली की गूगलच्या जाहिराती यायच्या, आणि त्यावर क्लिक झालं तरच पैसे मिळायचे. म्हणजे दोनदा दाबणारा माणूस लागायचा! तरी कर्जाच्या तीन नावांवर सगळ्यांचं रिन्यूअल निघेल असा हिशेब जमत होता. हळद-बेदाण्याचे चहापुरतेही सुटले नाहीत.

ऑक्टोबर 2024 पासून गूगलनं नव्या जाहिरातदारांच्या खात्यांत पार्क केलेली डोमेनं आधीपासूनच वगळलेली ठेवली. मला काही जाणवलं नाही. मार्च 2025 मध्ये जुन्या खात्यांनाही तेच लागू झालं आणि आकडा कोसळला. भेटी तेवढ्याच, क्लिकही जवळपास तेवढेच, पण एका क्लिकचे पैसे चौथाईवर आले. शेवटी जाहिरातीची जागा जाहिरातदारांच्या लिलावातच जाते. सौद्याला दोनच व्यापारी उभे राहिले तर काय भाव निघतो, हे सांगलीत कुणाला सांगायला नको.

मार्केट यार्डातला माझा मित्र हळद पावडरची जाहिरात गूगलवर करतो. त्याला विचारलं, "पार्क केलेल्या डोमेनवरच्या जाहिराती तू बंद केल्यास काय रे?" म्हणाला, "कसल्या जाहिराती?" खातं उघडून बघितलं, तर वगळल्याची खूण आपोआप पडलेली. तेव्हा हवी तर काढता यायची, पण ती आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो काढेल कशाला? आणि इतकी वर्षं ती खूण नव्हती, हे तरी त्याला कुठं ठाऊक होतं? माझी कमाई त्यातूनच येत होती. जरा ओशाळलोच.

कंपनीचे पैसे वेळेवर आले, तक्रार नाही. पण बदलाची मेल आली ती आकडा पडल्यावर. उपाय विचारला तर म्हणे पानावर लेख टाका, त्यासोबत शोधाच्या लिंका देऊ. लेखच लिहायचे तर पार्किंग कशाला म्हणायचं? 'विकणे आहे'चा फलक मात्र कामी आला: बेदाण्याचं एक नाव तासगावच्या व्यापाऱ्यानं घेतलं, आणि त्यात चौदा महिन्यांच्या सगळ्या क्लिकांपेक्षा जास्त मिळाले.

या महिन्यात 26 नावं सोडून दिली. कर्जाची तीन अजून तिथंच आहेत. हळदीच्या एका नावावर मित्राचीच साइट बसवतोय. पैशाचं त्यानं अजून नाव काढलेलं नाही.