जुळे सोलापुरातली आमची बाग : साडेतीन तारे, त्यातले दोन कडुलिंबाचे

टॉवेलच्या कारखान्यात ३४ वर्षं हिशेब लिहिला, त्यामुळं बागेत गेलो तरी मी मोजत बसतो. आमच्या कॉलनीच्या बागेत बाकडी ९, बसण्याजोगी ६. झोके ४, साखळी धड असलेले २. ओपन जिमची यंत्रं ७. सायकलच्या एका पायडलला सुतळी गुंडाळलीय, पण चालते. झाडं ३९. हिरवळ शून्य. ‘हिरवळीवर चालू नये’ हा फलक मात्र ठणठणीत आहे.

मार्च-एप्रिलात दीड महिना लेकाकडं ऐरोलीला राहून आलो, म्हणून हे लिहायला बसलोय. आल्यावर दोन दिवस ही बाग डोळ्याला नुसती खुपत होती, खोटं कशाला बोलू. तिकडं ठाण्याच्या खाडीकाठी खारफुटी. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली. भरतीला बुडतात, ओहोटीला हवा घेतात. पान चाटलं तर खारट लागतं, हे नातवानं मला चाटायला लावून सिद्ध केलं. फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीची वेळ रोज वेगळी, कारण खाडीला पाणी चढल्याशिवाय बोट हलत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकावर वाढलेल्या माणसाला हे जरा जड जातं. पण तो गुलाबी थवा उठला तेव्हा मी हिशेब सोडला. सूनबाई म्हणाली, “बाबा, सोलापुरात असं कुठं बघायला मिळणार?” म्हटलं, हेच रोहित पक्षी आमच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरतात. तिला पटलं नसावं.

फरक पाण्याचा आहे. तिकडं वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं ५००-७००, तोही मनात आला तर. तिकडची उल्हास नदी घाट उतरते आणि थेट खाडीला भिडते. आमची भीमा समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघते. उजनीतून सोडलेलं तिचं पाणी औजच्या बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उपसायचं, तेव्हा कुठं आमचा नळ येतो, तोही चार-पाच दिवसांनी. बागेच्या वाट्याला ते येत नाही. तिला बोअर. तो एप्रिलात धापा टाकायला लागतो, मग टँकर.

असं असताना इथं लॉन लावायचं ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं सोलापूरचा मे महिना दुसऱ्या गावी काढला असणार. फाटकापासून आत १० बाटली पाम ओळीनं उभे आहेत. एका पामाची सावली एका माणसाला पुरते, माणूस बारीक हवा. स्वच्छतागृह नवं आहे, फरशी झकास, खिडकीतून दिसते. कुलूप आहे. किल्ली कुणाकडं, हे वर्षभर विचारतोय. माळीमामा वॉचमनकडं बोट दाखवतात, वॉचमन माळीमामांकडं. याचा एक तारा कापला. उरलेला अर्धा झोक्यांचा.

आता लिंब. मागच्या कोपऱ्यात आहे, कुणी लावलेला नाही. इथं प्लॉट पडायच्या आधी शेत होतं, त्या बांधावरचा. लेआउट करताना कसा वाचला कुणास ठाऊक. त्याला ना बोअर लागतो ना टँकर. ४३ अंशांतही त्याच्याखाली दुपारी चारला बसवतं, हे मी स्वतः बसून सांगतोय. परत आलो तेव्हा बाकड्यावर फुलांचा सडा होता आणि त्यावर आमची नेहमीची मंडळी. एक आजी नातवाशी तेलुगूत बोलते, शेजारीण तिला कन्नडमध्ये उत्तर देते, आणि तो नातू घसरगुंडीवरून दुसऱ्या पोरावर ओरडतो, “सरक की बे!” ऐरोलीच्या सोसायटीत बाग याहून दहापट देखणी होती, पण दीड महिन्यात मला नाव विचारणारे दोघंच, त्यातला एक सिक्युरिटीवाला.

पाखरं बघायची असतील तर इथं येऊ नका, विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलावावर जा. आम्ही जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतो. भरभर चालायचं असेल तरी तिकडंच बरं. आमच्या बागेची फेरी २१० पावलांत संपते, आणि पेव्हिंग ब्लॉक दोन ठिकाणी उचललेत, चष्मेवाल्यांनी जपून.

तिकीट नाही. सकाळी साडेपाचला फाटक उघडतं. पिण्याचं पाणी घरून आणा. संध्याकाळी यायचं तर सहाच्या आत या, नंतर लिंबाखाली जागा मिळत नाही. मिळाली तर ते डावीकडून दुसरं बाकडं माझं आहे, पण बसा, मी सरकून घेईन.